न खणता कसं ओळखायचं, खालचं लाकूड शाबूत आहे का

पुरातत्त्वीय स्थळांवर लाकूड, कातडं, दोर, बिया मातीत हजारो वर्षं टिकतात ती पाण्यामुळे. मातीतली छिद्रं पाण्याने गच्च भरली की हवा आत शिरत नाही आणि बुरशीचं काही चालत नाही. (ऑक्सिजन नसल्यात जमा असतानाही काही जिवाणू लाकूड कुरतडतातच, पण फार सावकाश.) म्हणून माझ्या वहीत पहिला रकाना पाण्याच्या पातळीचा. महागडी उपकरणं नंतर.

पातळीसाठी पीझोमीटर बसवा: खालच्या टोकाला बारीक चिरा पाडलेला प्लास्टिकचा पाइप. चिरा अवशेषांच्या थरातच यायला हव्यात, पण भोक अवशेषांतून नाही, शेजारून पाडायचं. चिरांभोवती वाळू, त्यावर बेंटोनाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच.

हे बूच माझ्या पहिल्या पाइपला मी नीट भरलं नव्हतं. वर्षभर पातळी इतकी छान दिसायची की मी खुशीत होतो. मग एकदा सगळे आकडे शेजारीशेजारी मांडले. प्रत्येक पावसानंतर तासाभरात पातळी चढत होती आणि पाण्याची विद्युतवाहकता धाडकन पडत होती. म्हणजे पावसाचं पाणी पाइपाच्या कडेकडेने थेट खाली उतरत होतं, आणि जाताना ऑक्सिजनही नेत होतं! राखायला निघालो होतो आणि हवेला वाट मीच करून दिली. वर्षाचे आकडे फुकट गेले ते वेगळंच.

पाइपाच्या कडेला कानशीने खाच करा, पातळी मोजायचा टेप नेहमी तिथूनच सोडा. टोक पाण्याला टेकलं की बजर वाजतो. जमिनीपासून खोली मोजून मात्र फसाल. पीट (दलदलीतली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) सुकला की आकसतो आणि जमीनच खाली बसते. पाणी 'तेवढंच खोल' दिसतं, प्रत्यक्षात ते उतरलेलं असतं. खाचेची उंची लांबच्या पक्क्या बेंचमार्कशी (उंचीच्या स्थिर खुणेशी) जोडून घ्या आणि दरवर्षी तपासा. लॉगर (पाइपात राहून दाबावरून पातळी आपोआप नोंदवणारं उपकरण) लावलात तर हवेचा दाबही नोंदवा, कारण 1 मिलिबार म्हणजे जवळपास 1 सेंटिमीटर पाणी.

मला सरासरीपेक्षा कोरड्या ऋतूतला तळ महत्त्वाचा वाटतो. पाणी दरवर्षी अवशेषांच्या खाली जाऊन परत येत असेल, तर सरासरी कितीही चांगली असो, हवा आत गेलेलीच असते.

रेडॉक्ससाठी (थरात ऑक्सिजन पोचतोय का, हे मिलिव्होल्टमध्ये सांगणारं मोजमाप) प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड त्याच थरात, एकाहून जास्त. आकडा स्थिरावायला वेळ द्या. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड असेल तर वाचनात साधारण 200 मिलिव्होल्ट मिळवावे लागतात. हे विसरलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. मिळवल्यावर उणे 100 च्या खाली असेल तर निर्धास्त, अधिक 400 च्या वर गेला तर हवा पोचली.

सामू (pH) पाण्याचा नमुना काढल्याकाढल्या मोजा. हाडं असतील तर तो टाळूच नका. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या स्टार कार या अश्मयुगीन स्थळी 1949 ते 1951 या काळात पुरातत्त्वज्ञ ग्रॅहम क्लार्क यांना उत्तम हाडं-शिंगं मिळाली. पुढे निचऱ्यामुळे पीटमध्ये हवा शिरली, गंधकाच्या संयुगांचं सल्फ्युरिक आम्ल झालं, आणि या शतकातल्या उत्खननात काही हाडं जेलीसारखी निघाली.

शेवटी ताज्या लाकडाचे सारखे तुकडे अवशेषांच्या खोलीवर पुरा आणि काही वर्षांच्या अंतराने एकेक काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्याच फळीचा एक तुकडा कपाटात कोरडा ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?