बिकानेर, जैसलमेर, जोधपूर: सहल उन्हाप्रमाणे आखा

राजस्थानच्या टूरचं माहितीपत्रक हातात आलं की बहुतेक जण आधी हॉटेलं बघतात, मग जेवण, मग किंमत. मी डोंबिवलीची. टूर लीडरचं काम करते, आणि माझे ग्रुप बहुतेक ज्येष्ठ नागरिकांचे. ओळखीतलं कुणी पत्रक घेऊन विचारायला आलं की मी हॉटेलचं पान उलटते आणि कुठल्या ठिकाणी किती वाजता पोचवणार, एवढंच शोधते. थरच्या वाळवंटात वेळ चुकली की सोनेरी किल्ला पांढुरका दिसतो, वाळू पाय भाजते आणि जैन मंदिराचं दार बंद मिळतं. पैसे मात्र पूर्ण जातात.

कधी जायचं

मे महिन्याच्या सुट्टीचं नाव काढू नका. याच वाटेवरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. दिवाळीत हवा ठीक असते, पण सगळा गुजरात आणि अर्धा महाराष्ट्र तिथेच असतो. किल्ल्याच्या दारात पाऊल ठेवायला जागा नसते. नाताळच्या आठवड्यात तर वाळूतल्या तंबूंच्या कॅम्पचे दर ऐकूनच थंडी वाजते. संक्रांत झाली की निघा, फेब्रुवारी संपेपर्यंत केव्हाही. माघ पौर्णिमेला जैसलमेरचा मरू महोत्सव असतो. गर्दी चालत असेल तर तेव्हा जा. वाळूवरचं चांदणं हवं असेल तर कालनिर्णयात पौर्णिमा बघून तारीख धरा. तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या मागेपुढे.

आमच्या धंद्यात दुसऱ्या दिवसाचं गणित ‘सहा-सात-आठ’ असं सांगतात: सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला गाडीत. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला आहे. जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो. पहाटे सहाला उठवून तुम्हाला अंधारात कुडकुडत बसवणाऱ्या लीडरला हे माहीत नसतं. मी तिथे सात-आठ-नऊ करते आणि कुणाची तक्रार येत नाही.

आधी बिकानेर, जोधपूर शेवटी

वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने दुसऱ्या दिवशी जोधपूरला उतरलं की बऱ्याच टूर त्याच दिवशी मेहरानगड उरकून टाकतात. रात्रीची झोप गाडीत झालेली, अंग आंबलेलं, आणि समोर तो किल्ला. शिवाय तो आधी बघितला की पुढचं सगळं बुटकं वाटतं. म्हणून स्टेशनवर आंघोळ-नाश्त्यापुरती खोली घ्या आणि सरळ बिकानेरला सुटा. अंतर अडीचशे किलोमीटर.

या रस्त्यावर निम्म्या वाटेत नागौर लागतं आणि मराठी ग्रुप असेल तर मी तिथे माइक हातात घेते. १७५५ मध्ये मारवाडच्या बिजयसिंहाविरुद्ध नागौरला वेढा घालून बसलेल्या जयाप्पा शिंद्यांचा इथेच, बोलणी करायला आलेल्या माणसांनी खून केला. महादजींचे हे थोरले सावत्र भाऊ. एवढं सांगितलं की मागच्या सीटवरून कुणीतरी दत्ताजींवर येतं, तिथून गाडी पानिपतावर जाते, आणि बिकानेर कधी आलं ते कळत नाही. वेळ असेल तर नागौरचा किल्ला उतरून बघा, गर्दी नसते.

बिकानेरचा जुनागड सपाटीवर आहे, त्यामुळे कुणाचे गुडघे किती पाण्यात आहेत त्याचा अंदाज लीडरला इथेच येतो. अकबराच्या सरदारांपैकी राजा रायसिंह याने १५८९ ते १५९४ या काळात तो बांधून घेतला. आत अनूप महालाच्या सोनेरी कामापुढे सगळे थांबतात. तुम्ही बादल महालात जास्त थांबा. पाऊस क्वचित येणाऱ्या मुलखात राजाने भिंतींवर निळे ढग आणि पाऊसधारा रंगवून घेतल्या आहेत. आणखी पुढे एका दालनात पहिल्या महायुद्धातलं दुपंखी विमान ठेवलंय, ते बघून आजोबा मंडळी एकदम शाळकरी पोरं होतात.

देशनोकच्या करणीमातेच्या देवळात उंदीर मोकळे फिरतात आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. जुने मोजे घालून जा आणि बाहेर आल्यावर टाकून द्या. पाय उचलायचा नाही, घासत पुढे न्यायचा, म्हणजे शेपटी पायाखाली येत नाही. ज्यांना किळस येते त्यांनी गाडीत बसावं, आग्रह कुणी करू नये.

बिकानेर-जैसलमेर हा सगळ्यात लांब पल्ला, सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. झोपून काढायचा दिवस असं पत्रक धरून चालतं. हिवाळ्यात मात्र फलोदीजवळच्या खीचनला हजारो कुरजा पक्षी उतरलेले असतात, मंगोलिया-कझाकस्तानकडून आलेले करकोचे. गावातले लोक सकाळी त्यांना दाणे घालतात. त्या वेळेला बिकानेरहून पोचणं जमत नाही, पण उन्हं वर आली की पक्षी तळ्याकाठी जमतात. सकाळी लवकर निघा. हा एक दिवस सहा-सात-आठ चालेल. बायकांनी सुटतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवावं की स्वच्छ बाथरूम असलेल्या ढाब्यावरच गाडी लावायची. नंतर सांगून उपयोग नाही, मैलोगणती नुसत्या बोरी-बाभळी.

जैसलमेर

रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला, आणि आजही आत लोक राहतात: मुलं शाळेला जातात, गाई वाटेत उभ्या, दोरीवर चादरी वाळत. दुपारी बारा ते तीन इथे येणं म्हणजे पैसे वाया. पिवळा वालुकाश्म डोक्यावरच्या उन्हात फिका पडतो आणि जिन्यांत दम लागतो. दोनदा या. सकाळी नऊला आत शिरा, कारण जैन मंदिरं बाहेरच्या पाहुण्यांना दुपारच्या आत बंद होतात. कातडी पट्टा, पाकीट गाडीत ठेवा. वाटेतल्या चढावरचे दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेत, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. मग संध्याकाळी व्यास छत्रीकडे जाऊन लांबून बघा: सूर्य पाठीमागे, किल्ला समोर, आणि साधारण पंधरा मिनिटं तो खरोखरच पत्रकातल्या फोटोसारखा दिसतो. अनेक टूर ही संध्याकाळ हॉटेलात ‘आराम’ म्हणून लिहितात. लिहिलेलं असेल तर बदलून मागा.

किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात राहायचा मोह होतो, खिडकीतून सगळं शहर दिसतं. मी ग्रुपला तिथे ठेवत नाही. घरांची गेस्टहाउस झाली, पाणी नळाने आलं, वापर वाढला आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरायला लागलं. काही बुरूज त्यामुळे ढासळले. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला किल्ला आपल्या आंघोळीने खचवायचा, हे मला पटत नाही. बाहेर गच्ची असलेलं हॉटेल घ्या. किल्ला तिथूनच दिसतो, आतून थोडाच दिसणार आहे!

पटवों की हवेली पाच हवेल्यांची आहे. पत्रकात ‘भेट’ लिहिलंय की ‘फोटो स्टॉप’, ते वाचा. फोटो स्टॉप म्हणजे गल्लीत उभं राहून वर मान. नथमलची हवेली मात्र बाहेरूनच बघायची: दोन भावांनी डावी-उजवी बाजू वाटून घेऊन कोरली, लांबून सारखी, जवळून वेगळी. फरक शोधायला लावा, दहा मिनिटं छान जातात. तनोट-लोंगेवाला एकोणीसशे एकाहत्तरच्या युद्धासाठी हळवं होणाऱ्यांनी जरूर करावं, पण एकेरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पूर्ण दिवस जातो.

वाळूतली रात्र

वाळूच्या टेकड्यांचं सम हे ठिकाण जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर. कॅम्प बुक करण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचारा: वाळूच्या टेकड्या तंबूपासून चालत किती लांब आहेत, शेजारच्या कॅम्पचा डीजे किती वाजेपर्यंत असतो, आणि गरम पाणी बादलीने की नळाने. दुसऱ्या प्रश्नावर पलीकडचा गप्प झाला तर उत्तर मिळालंच. मला स्वतःला खुरी बरं वाटतं; गाव आहे, टेकड्या लहान, पण रात्र शांत.

साडेचारच्या आत कॅम्पवर पोचा, चहा घ्या आणि उंटाकडे निघा. उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे तुम्ही एकदम त्याच्या मानेवर फेकले जाता. तो हलतोय असं वाटलं की मागे रेला, खोगिराची पुढची खुंटी एका हाताने धरा, दुसऱ्या हातातला मोबाइल आधीच खिशात. मग पुढचे पाय उठतात आणि झोका उलटा बसतो. उतरताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हा पुन्हा मागेच रेलायचं. कंबरेचा त्रास असलेल्यांनी उंटगाडी सांगावी, त्यात कमीपणा नाही. एक काका मला म्हणाले, “अहो ताई, उंटावरून शेळ्या हाकायचं वय झालं आमचं!” त्यांना गाडीत बसवलं, सूर्यास्त त्यांनाही तेवढाच दिसला.

रात्री कालबेलिया नाच होतो, त्यात पाहुण्यांना नाचायला ओढतात. तो झाल्यावर झोपायला जाऊ नका. मांगणियार गायकांना जवळ बोलवून माइक बंद करायला सांगा आणि कमायचा वाजवायची विनंती करा. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, आणि आडवा गज. माइकवर तो नुसता घरघरतो; दोन हातांवरून ऐकला की खर्ज छातीत लागतो. शेजारचा खडतालवाला एकेका हातात लाकडाच्या दोन पट्ट्या धरून त्यातून असा वेग काढतो की बोटं दिसत नाहीत. हे गाणारे मुसलमान, यजमान बहुतेक राजपूत, आणि गाण्यात कृष्ण. बिदागी त्यांच्या हातात द्या, मॅनेजरकडे नको.

दिवसा शर्टावर फिराल, पण सूर्य बुडाला की वाळू तासाभरात गार पडते. स्वेटर, कानटोपी आणि मोजे कॅम्पच्या खोलीत नाही, सोबतच्या पिशवीत हवेत.

जेवणाचं थोडक्यात: तिसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये वरण-भाताची आठवण निघते, निघू दे. बाजरीची भाकरी, कढी आणि केर-सांगरी मागा. सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई याच झाडांसाठी जिवानिशी गेले. ताटातली भाजी मग कुणी टाकत नाही.

जोधपूरला मेहरानगड सकाळी उघडताच गाठा. लिफ्टने वर जा आणि पायी एकेक पोळ, म्हणजे दरवाजा, ओलांडत खाली या. उलट केलं तर मोती महाल येईपर्यंत कुणाला काही बघायची शक्ती उरत नाही. तटावरून निळी घरं बघा, मग जसवंत थडा हे राजघराण्याचं संगमरवरी स्मारक. उमेद भवनला पाऊण तास पुष्कळ झाला. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ साली सुरू केलेला हा महाल, पण पाहुण्यांसाठी खुला भाग छोटा आहे. उरलेला वेळ मंडोरच्या छत्र्यांना, म्हणजे राजांच्या समाध्यांना द्या.

लोकल गाइड निवडताना गळ्यातलं सरकारी ओळखपत्र बघा आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका: “दुकान एकच, तेही शेवटी.” कमिशनवर त्याचं घर चालतं, त्याला पूर्ण नाही म्हणू नये, पण सकाळचं सोन्यासारखं ऊन रजयांच्या शोरूममध्ये घालवू नये. जैसलमेरला हाबूर दगडाची वाटी विकतात, म्हणे विरजण न घालता तिच्यात दुधाचं दही लागतं. घ्यायची तर शोभेची म्हणून घ्या. बिकानेरी भुजिया बिकानेरलाच घ्या, मटकीच्या पिठाची आहे ना ते विचारून. आणि परतीच्या गाडीआधी जोधपूरच्या घंटाघराजवळ मिरची वडा तिथेच उभ्याने खा. मावा कचोरी घरी न्यायची असेल तर पाकात न बुडवलेली मागा, पाक वेगळा बांधून देतात.