शस्त्रक्रियेनंतर घसा दुखू नये म्हणून काय करावे

संपूर्ण भूल देताना अनेकदा श्वासनलिकेत नळी घालतात. तिच्या टोकाजवळचा हवेचा छोटा फुगा श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटून बसतो आणि त्याचा दाब वाढला की अस्तराचा रक्तपुरवठा कमी होऊन तिथे सूज येते. शुद्धीवर आल्यावर घसा दुखण्याचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून पहिली पायरी शस्त्रक्रियेच्या आधीची, भूलतज्ज्ञांच्या तपासणीची. निफाड, दिंडोरी, सिन्नरहून नाशिकला आलेले नातेवाईक सर्जनना सगळे विचारतात, पण भूलतज्ज्ञांसमोर केवळ सही करून उठतात, याचे मला फार वाईट वाटते. दमा, आम्लपित्त, हलणारा दात, मागच्या भुलेच्या वेळचा त्रास, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा त्यांना सांगावी. नळी थोड्या लहान मापाची चालेल का, फुग्याचा दाब मापकाने पाहून 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका ठेवाल का, नळीऐवजी घशात बसणारा मास्क पुरेल का, हे निःसंकोच विचारावे. निर्णय मात्र त्यांचाच.

विडी-सिगारेट जमल्यास चार आठवडे आधी बंद करावी. नाशिकच्या थंडीत सर्दी-खोकला झाला असेल तर तो लपवू नये. तारीख पुढे गेली तरी चालेल.

शस्त्रक्रियेपूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्यास घसा कमी दुखतो, असे अभ्यासांत आढळले आहे. तरीही भूलतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय त्या करू नयेत आणि पाणी गिळू नये, कारण पोट रिकामे असणे घशापेक्षा महत्त्वाचे आहे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पाण्याचे लहान घोट घ्यावेत, मग पेज किंवा मऊ भात. झणझणीत मिसळ काही दिवस थांबू शकते. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या चालतात, पण तोंडाची, घशाची किंवा मानेची शस्त्रक्रिया असल्यास आधी विचारावे. आवाजाला विश्रांती द्यावी. गावाकडून आलेला प्रत्येक फोन रुग्णाच्या कानाला लावण्याची आपली सवय इथे नडते. रुग्ण बसलेल्या आवाजात सगळ्यांना तेच ते सांगत राहतो आणि घसा खाकरतो. ते फोन नातेवाइकांनी घ्यावेत.

बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. श्वास घेताना घरघर किंवा धाप, थुंकीत रक्त, ताप, मानेला सूज किंवा लाळही गिळता न येणे, यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आवाज आठवडाभरानंतरही बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.