वाटी रिकामी परत द्यायची नाही

लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडून नोकरीसाठी ठाण्यात किंवा नवी मुंबईत उतरलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात. कुणाच्या तरी मावशीकडून नंबर मिळालेला असतो. आधी भाडं, डिपॉझिट, लोकलचा पास, पाणी किती वाजता येतं, हे सगळं विचारून होतं. दहा मिनिटांत ते संपतं. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणतात, "मावशी, इथं कुणी बोलतच नाही ओ."

हे लिहिते आहे ते त्या एका वाक्यासाठी.

मी औशाजवळच्या खेड्यातली. 2011 च्या जूनमध्ये नेरूळला आले. नोकरी ठाण्यात होती, पण ठाण्यातलं भाडं परवडत नव्हतं, म्हणून सारसोळे गावात गावठाणातली एक खोली घेतली. सामान म्हणजे एक ट्रंक, गॅसची शेगडी आणि गादी. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरमालकीण काकू जिना उतरून आल्या आणि दारातूनच वाटी पुढे केली. सुकट होती, कांदा-टोमॅटोत परतलेली, वर कोथिंबीर. सोबत तांदळाच्या दोन भाकऱ्या, कापडात गुंडाळलेल्या. "जेवलीस का गो बाय?" एवढंच म्हणाल्या. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. तांदळाची भाकरी इतकी मऊ आणि पांढरीशुभ्र असते हे मला माहीत नव्हतं. सगळं संपवलं, वाटी घासून लख्ख केली आणि दुसऱ्या दिवशी "थँक्यू काकू" म्हणून परत दिली.

पुढचे पंधरा दिवस काकू जिन्यात दिसल्या की हसायच्या, पण दाराशी थांबल्या नाहीत. माझं काय चुकलं ते कळेना. आईला फोनवर सांगितलं, तर तिनं एकच विचारलं: "वाटीत काय घालून दिलीस?"

मी गप्प. आमच्या घरी शेजारची वाटी रिकामी कधीच परत गेली नाही. काही नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची. हे मला माहीत होतं आणि शहरात आले म्हणून मी ते गावीच ठेवून आले होते. त्याच रात्री ट्रंकेतली शेंगदाण्याची चटणी काढली, एक वाटी भरली आणि वर गेले. काकूंनी बोटावर घेऊन चाखली, सुनेला हाक मारली, मला आत बसवलं. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमध्ये एक ना एक वाटी कायम जिन्यावर असते.

म्हणून नव्यांना मी आधी हेच सांगते. गावाहून निघताना चटणी, काळा मसाला, कुरडया यांची पुडी एक जास्त बांधा. ती तुमच्यासाठी नाही. आणि कुणी काही पुढे केलं, तर "नको, आत्ताच जेवलो" म्हणू नका. आपल्याकडे आग्रह तीनदा होतो, पहिल्या दोन्ही नकारांना कुणी मोजत नाही. इथं माणसं दमून घरी आलेली असतात, एकदा नाही म्हटलं की खरंच नाही समजतात. मासे खात नसाल तर पहिल्याच वेळी स्वच्छ सांगा: "काकू, मासे खात नाही, पण तुमच्या हातची भाकरी खाईन." त्यांना राग येत नाही. पुढच्या खेपेला वालाचं बिरडं येतं.

आता लोकल. ठाण्याला गाडीनं येणारा माणूस काही नवा नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्यालाच आली. आपल्या कामाची ती ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेमार्गे वाशी-नेरूळ-पनवेलकडे जाणारी. ही मार्गिका 2004 ची. रोज एकच गाडी आणि एकच डबा पकडा, हा माझा आग्रह आहे. पाच मिनिटं लवकर आवरलं म्हणून आधीच्या गाडीत चढू नका. त्याच दारातून महिनाभर चढलात की चेहरे ओळखीचे होतात.

बायकांच्या डब्यात बोलण्याची सुरुवात ठरलेली आहे: "कुठे उतरणार?" नव्या मुलीला वाटतं, ही माझ्याशी बोलायला आली. तिला तुमची जागा हवी असते. तरी नीट उत्तर द्या. "ठाणे" म्हटलं की ती दुसरीकडे वळेल, पण चौथ्या दिवशी तीच सरकून तुम्हाला चौथी सीट देईल. चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायला मिळालेली हातभर जागा. मला ती पहिल्यांदा खारघरहून येणाऱ्या एका ताईंनी दिली. त्यांच्या मांडीवर डब्याचं झाकण होतं आणि त्या गवार मोडत होत्या. मी न विचारता मूठभर शेंगा उचलल्या आणि मोडायला लागले. ऐरोली येईपर्यंत त्यांनी माझं नाव, गाव, पगार आणि लग्न, चारही विचारून घेतलं होतं. अशा प्रश्नांचा राग येऊ देऊ नका. आपल्या गावात पारावर बसलेली म्हातारी हेच विचारते.

दसऱ्याला डब्यात तोरण लागतं, पूजा होते, पेढे वाटले जातात. संक्रांतीच्या दिवसांत चालत्या गाडीत हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवणही होतं. त्या वर्गणीत पहिल्या वर्षीच पैसे द्या, आणि त्या दिवशी घरून काहीतरी करून न्या. मी धपाटे नेले होते, दह्याची चटणी वेगळ्या डबीत. त्यातल्या दोघी पुढे माझ्या बाळंतपणात आळीपाळीनं दवाखान्यात रात्री थांबल्या. सासू-आई पोचायला दोन दिवस लागले होते.

पुरुषांच्या डब्यात बाक वाजवत भजन म्हणणारी मंडळं असतात. टाळ येत नसला तरी उभं राहायला कुणी हरकत घेत नाही.

ठाण्यातल्या रविवारचं थोडक्यात सांगते. मामलेदारची मिसळ खायला एकटे गेलात तरी चालतं. जागा मिळेल तिथं अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायचं असतं आणि तिखटानं दोघांचेही डोळे भरले की बोलणं आपोआप होतं. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारा. वाचायची आवड असेल तर 1893 साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथं नेहमी येणारी ज्येष्ठ मंडळी नव्या पोरांना मनापासून विचारतात. पाडव्याच्या स्वागतयात्रेत नुसतं बघायला उभं राहू नका, चालायला जा.

एक गोष्ट मात्र सावकाश वाचा. नवी मुंबई हे "कुणाचंच नसलेलं नवं शहर" आहे, असं तुम्हाला ऑफिसात कुणीतरी सांगेल. ते खरं नाही. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, रायगड जिल्ह्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. भाताची शेतं, मिठागरं, खाडीतली मासेमारी असा इथल्या आगरी-कोळी माणसांचा संसार होता. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला आणि जानेवारी 1984 मध्ये त्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला. आपण ज्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर भाड्यानं राहतो, तिथं कुणाच्या तरी आजोबांचं शेत होतं. त्यामुळे गावदेवीच्या जत्रेचं बोलावणं आलं तर जा. जत्रेच्या दिवशी गावातल्या घरांत पाहुण्यांची पंगत उठते आणि लगेच दुसरी बसते. चपला बाहेर काढा, आजीच्या पाया पडा, पोटभर जेवा. लग्नाच्या हळदीला बोलावलं तर तेही टाळू नका.

तसंच वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी. त्यातले कितीतरी सातारा-सांगलीकडचे, कोपरखैरण्यात वसलेले. ते आपल्यासारखेच गाव सोडून आले, आपल्या आधी आले. त्यांच्याकडून शहर समजून घ्या.

आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांना जरूर भेटा. लातूरच्या रात्रीच्या गाडीत शेजारच्याला धपाटा दिला की तो कुणाचा तरी पाहुणा निघतोच. पण दोन वर्षं फक्त गाववाल्यांमध्येच राहिलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना अजूनही शेजाऱ्याचं नाव माहीत नाही.

घर लागल्यावर माणसं बोलवू, असं म्हणू नका. घर कधीच लागत नाही. आधी सोफा नसतो, मग डायनिंग टेबल नसतं, मग मोठ्या घराची वाट बघायची. मी त्या एका खोलीत पहिल्या डिसेंबरात येळवस केली. आपल्याला सांगायला नको, पण इथल्यांना मी अशी सांगते: मार्गशीर्ष अमावास्येला आमचं अख्खं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. शेत नव्हतं, म्हणून जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीसाठी, तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे दाणे आणि मिळतील तेवढ्या पालेभाज्या आणल्या. बाजरीचे उंडे केले, आंबील माठात ठेवली. काकू, त्यांची सून, गाडीतल्या तिघी आल्या. ताटं पुरली नाहीत, तर काकूंनी वरून स्वतःची आणली.

भज्जीतले वालाचे दाणे बघून त्या म्हणाल्या, "यो तर आमचा पोपटीचा वाल." जानेवारीत पोपटी खायला त्यांनी मला पनवेलकडच्या माहेरी नेलं. शेतात मडक्यात भांबुर्डीचा पाला घातला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला. थंडीत सगळे गोल करून बसलो. मडकं उघडलं तेव्हा जो वास आला, त्यात मला आमच्या कोपीतला धूर आला आणि रडू आलं. काकूंनी काही विचारलं नाही. पाल्यावरची पहिली गरम शेंग सोलून माझ्या हातावर ठेवली.

आता दरवर्षी येळवशीच्या आठवडाभर आधी काकूंची सून वाल निवडून ठेवते आणि मी गावाहून बाजरी मागवते. यंदा ऑफिसातली दोन नवी पोरं येणार आहेत, एक परभणीचा आणि एक चंद्रपूरची. काय आणू म्हणून विचारत होती. येताना एकेक मोठी वाटी आणा म्हटलं, भज्जी घेऊन जायला.