आर्केडचा गेम घरच्या टीव्हीवर कितपत उतरला, हे तपासायचं कसं

राजारामपुरीत आमच्या कट्ट्यावर हा वाद कायम चालतो, की घरच्या जुन्या गेम मशीनवर कुठला आर्केड गेम (दुकानात नाणं टाकून खेळायचा तो) भारी उतरला, आणि जो तो मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून दाखवतोय. भावांनो, पहिलं म्हणजे स्क्रीनशॉटवर जाऊच नका. अटारी २६०० या घरच्या मशीनवरचा १९८२ चा पॅक-मॅन घ्या, त्यात एका फ्रेमला (पडद्यावर लागोपाठ येणाऱ्या एकेका चित्राला) एकच भूत काढलंय, पुढच्या फ्रेमला दुसरं, म्हणून ती लुकलुकतात, फोटो काढला की बाकीची तीन गायबच. गेम चालू ठेवून बघा, आणि जमलं तर जुन्या डबा टीव्हीवर बघा, तिथं ते लुकलुकणं जरा मऊ दिसतं.

आता लगेच मशीनला शिव्या घालू नका. रॅम फक्त १२८ बाईट, मोठे स्प्राईट (पडद्यावर हलणारी चित्रं) दोनच, हे खरंच हाय, पण त्याच मशीनवर मिस पॅक-मॅन लावा, भुतं लै कमी लुकलुकतात. त्याची कॅसेट ८ केबीची, आधीची ४ केबीची. म्हणजे काय मशीनमुळं गेलं आणि काय घाईत किंवा काटकसरीत गेलं, हे वेगळं काढायचं असेल तर एकाच मशीनवरचे दोन गेम शेजारी ठेवायचे. माझ्या मते सगळ्या तुलनेतलं हेच मुख्य काम, ग्राफिक्स नंतर.

मूळ आर्केड गेम मेमवर (कॉम्प्युटरवर आर्केड गेम चालवणारं सॉफ्टवेअर) लावताना सेटिंग बघा, किती लाइफ, किती अवघड, ते मशीनमालक बदलू शकायचा. डाँकी काँगमध्ये अजून एक भानगड. आर्केडला चार स्टेज, पण अमेरिकन आवृत्तीत सरकत्या पट्ट्यांची स्टेज तिसऱ्या लेव्हलला (एका लेव्हलमध्ये अनेक स्टेज) येते, त्यामुळं पहिल्या दोन लेव्हल खेळून 'कोलेकोव्हिजन या घरच्या मशीनवर काहीच कापलं नाही' म्हणाल तर फसाल. कोलेको आणि निन्टेन्डो दोन्हीकडं ती स्टेज नाही, तीनच आहेत, अटारी २६०० वर तर दोनच. आर्केडचा स्क्रीन उभा, घरचा टीव्ही आडवा, म्हणून उंची कुठं दाबलीय तेही बघा.

स्पीडला सगळ्यात जास्त वेळ द्या. स्पेस इन्व्हेडर्सच्या आर्केडमध्ये ५५ एलियन, आणि प्रोसेसर एका फ्रेमला एकच एलियन हलवतो, म्हणून जेवढे मरतील तेवढे उरलेले पळायला लागतात, शेवटचा एक तर सुसाट. अटारीवर १९८० ला आला तेव्हा एलियन ३६ च, आडोसे चाराऐवजी तीन, दिसायला काहीच्या काही वेगळा, पण ती वाढती धडधड त्यांनी ठेवली, आणि म्हणून मी तरी तो पोर्ट (दुसऱ्या मशीनवर उतरवलेला गेम) एकदम वरच्या नंबरला ठेवतो.

आपल्याकडच्या टीव्ही गेमवर खेळून स्पीडचा निकाल देणार असाल तर थांबा. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला सेकंदाला ५० फ्रेम, जपान-अमेरिकेत ६०, गेम त्यासाठी बदलला नसेल तर सहावा हिस्सा स्लो पळतो, संगीत पण. आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असायचे त्यातला कॉन्ट्रा बऱ्याचदा छेडछाड केलेला, सुरुवातीलाच भारी गन हातात, तो तुलनेला धरू नका, मूळ १९८८ चा निन्टेन्डोवाला घ्या.