नव्या फोनवर ऑफिसचा ईमेल: आधी जुना फोन जपा

चार्जर, वायफाय, पासवर्ड हे मी सांगत बसत नाही. जुना फोन पुसू नका, एवढं मात्र या लिखाणात पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नवा फोन घेतला. फोटो आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं, मला वाटलं झालं काम. जुना फोन फॅक्टरी रीसेट करून डिचोलीला भाच्याच्या हातात दिला. संध्याकाळी ऑफिसचा ईमेल टाकायला बसलो. पासवर्ड बरोबर होता, पण स्क्रीनवर दोन आकडी संख्या आली आणि ती ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये (लॉगिन करणारे आपणच, याची खात्री करणारं अ‍ॅप) टाका म्हणे. ते अ‍ॅप होतं त्या फोनवर भाचा गेम उतरवत होता. अ‍ॅपचा बॅकअप होता, तोही परत आणला. ऑफिसच्या खात्याचं नुसतं नाव आलं, मंजुरी द्यायची सोय काही आली नाही. ऑफिस बंद, आयटीवाला काणकोणला आपल्या घरी माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची सजावट) बांधतोय. त्याला तरी काय बोलणार? ग्राहकाचं कोटेशन मागणारं पत्र मी चौथ्या दिवशी वाचलं.

म्हणून क्रम असा. जुना फोन हातात, चालू, चार्ज केलेला. नव्या फोनवर ऑथेंटिकेटर उतरवा, संगणकावर खात्याचं सुरक्षेचं पान उघडा, नवा फोन तिथे जोडा, क्यूआर कोड स्कॅन करा. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. मंजुरी नव्या फोनवर आली तरच पुढे जा. बॅकअप कोड (फोन हाताशी नसेल तेव्हा लॉगिनला वापरायचे कोड) मिळत असतील तर कागदावर लिहा; फोनमध्येच ठेवलेत तर फोनबरोबर तेही जातील. आणि त्याच दिवशी सिम बदलू नका, ई-सिमसुद्धा नको, कारण सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीची वाटही बंद. जुना फोन अजून पुसलेला नाही ना? बरं.

ऑफिसला आधी विचारा, मेल कुठला आहे. मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलचा असेल तर पत्ता टाकला की बाकीचं अ‍ॅप शोधतं. फक्त नुसत्या पासवर्डवर चालणारं जुनं मेल अ‍ॅप वापरू नका. मायक्रोसॉफ्टने ती पद्धत ऑक्टोबर 2022 पासून बंद करत आणली. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असेल तर आयमॅप निवडा (यात मेल सर्व्हरवरच राहतो), पोर्टच्या रकान्यात 993. जाणाऱ्या मेलला 465 किंवा 587. युजरनेमच्या जागी बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता लागतो. पॉप निवडू नका. त्यात मेल फोनवर उतरून सर्व्हरवरून पुसला जाऊ शकतो, मग संगणकावर इनबॉक्स रिकामा दिसला की लोक आयटीवाल्यावर ओरडतात.

खातं जोडताना फोन परवानगी मागेल. डोळे झाकून ‘मान्य’ दाबू नका. काही ऑफिसांना तुमचा अख्खा फोन दुरून पुसायचा हक्क मिळतो, घरच्या फोटोंसकट. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल असेल तर ऑफिसची अ‍ॅप्स बॅगेचं चिन्ह लावून वेगळी राहतात आणि पुसलं तर तेवढंच जातं. प्रोफाइल आहे का, ते विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

बाकी पटापट. घड्याळ आपोआपवर ठेवा. ऑथेंटिकेटरमधला सहा आकडी कोड दर 30 सेकंदांनी बदलतो, वेळ चुकली तर तो चालत नाही. मेल अ‍ॅपला बॅटरी बचतीतून सूट द्या, नाहीतर सूचना दुपारच्या जेवणानंतर येतील. सिंक किती दिवसांचं ते बघा. खालची सही बदला. रात्रीच्या सूचना बंद. एक मेल स्वतःला पाठवा, एक सहकाऱ्याला, जोडपत्रासकट. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरही. जुना फोन आणखी आठवडाभर कपाटात. भाचा रुसेल, रुसू दे.