स्कॅनरवर नाव आलं म्हणून मॉड्यूल बदलू नका

आयटीआय करून मी सांगलीत एका गॅरेजला लागलो तेव्हा वाटायचं स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, चालवता आला की झालं, कोड वाचायचा, ज्याचं नाव येईल तो पार्ट बदलायचा. हा गैरसमज तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या सेकंडहँड गाडीनं काढला.

गाडीत एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लाइट पेटलेला, मीटरचे काटे मधेच शून्यावर, गाडी चालू मात्र व्हायची. स्कॅनर लावला तर यू०१२१ आणि यू०१५५, म्हणजे एबीएसशी संपर्क नाही आणि मीटरशीही नाही. मी लगेच म्हटलं एबीएस मॉड्यूल, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर, गेलं. उस्ताद म्हणाले, "लेका, एकाच गावची दोन पोरं शाळेत आली नाहीत तर पोरं आजारी का एसटी बंद?"

यू कोडचा, म्हणजे संपर्क तुटल्याच्या कोडचा, अर्थ तेवढाच घ्यायचा. गैरहजर कोण ते दुसऱ्या मॉड्यूलनं सांगितलंय, का ते नाही. तो आजारी असेल, त्याचा फ्यूज किंवा अर्थिंग गेलं असेल, नाहीतर वाटेत वायर तुटली असेल.

ही वाट म्हणजे कॅन, दोन पिळलेल्या वायरी, हाय आणि लो, सगळी मॉड्यूल त्याच दोन वायरींवर बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही पॅरलल म्हणून मल्टिमीटरवर ६० यायला पाहिजे. ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे जिथं स्कॅनर लावतात त्याच्या, ६ आणि १४ नंबर पिनवर मोजायचं. मी मोजलं तर आकडा नुसता नाचत होता, पाच मिनिटं डोकं खाजवत बसलो. उस्ताद लांबनंच ओरडले, "बॅटरी काढ की आधी!" लाइनवर व्होल्टेज असताना रेझिस्टन्स मोजायचा नसतो हे आयटीआयत शिकवलेलं, पण हातात काम आलं की विसरायला होतं.

बॅटरी काढून थोडं थांबलो, १२० आले. म्हणजे एकच रेझिस्टर दिसतोय. शून्याच्या जवळ आले असते तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मग ईसीएमचा (इंजिनचं मॉड्यूल) कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला, रीडिंग थेट ओपन, म्हणजे लाइनवर एकही रेझिस्टर नाही. म्हणजे दिसत होता तो ईसीएममधला, आणि दुसरा, जो त्या गाडीत मीटरमध्ये होता, तो लाइनवर पोचतच नव्हता. एबीएसही त्याच बाजूला. मग मधली वाट शोधायची, सर्किट डायग्राम समोर घेऊन.

डावीकडचं कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ! २०१९ च्या महापुरात बुडालेली गाडी होती, घेणाऱ्या दादांना कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या कपलरमध्ये कॅन हायची पिन हिरवी पडून खाल्लेली. पिन नवी टाकली, वायरी परत पिळूनच बसवल्या, कारण पीळ बाहेरचा नॉइज (विजेचा गोंधळ) दोन्ही वायरींवर सारखाच पाडतो आणि मॉड्यूल दोघींतला फरकच वाचतं, म्हणून सरळ तुकडा जोडून पळ काढायचा नाही. परत मोजलं, ६०.

मग बॅटरी लावून, इग्निशन ऑन करून व्होल्टेजही बघायचं. लाइन शांत असताना दोन्हीवर अडीच, बोलताना हाय साडेतीनला जातो आणि लो दीडला येतो, पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो म्हणून हाय अडीचच्या जरा वर आणि लो जरा खाली दिसतो. लो शून्यावर असेल तर अर्थला चिकटलाय, बहुतेकदा उसाच्या फडाजवळ गाडी लावणाऱ्यांकडे उंदराचं काम असतं. तेव्हा एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जायचा, ज्याच्यानंतर व्होल्टेज परत येईल तिथं बघायचं, कुणामुळंच आलं नाही तर वायरिंग चाळायचं. आणि गिऱ्हाइकाला आधी विचारा, बाहेरनं म्युझिक सिस्टिम का जीपीएस बसवलंय का, त्याची टेप गुंडाळलेली जोडणी मी दोनदा तरी पकडलीय.

काही नव्या गाड्यांत मधे गेटवे, म्हणजे वेगवेगळ्या लाइनी जोडणारं मॉड्यूल, असतो, मग ६ आणि १४ वर फक्त त्याच्या अलीकडची लाइन दिसते, आतली वेगळी मोजावी लागते.

कोड क्लिअर केले, गाडी आयर्विन पुलावरनं सांगलवाडीपर्यंत फिरवून आणली, परत स्कॅन केलं, एकही यू कोड नाही.