जाडजूड रेट्रो अक्षर वापरताय? या चुका टाळा

गोव्यातल्या फोंडा-म्हार्दोळ भागात जत्रा जवळ आली की नाटकांच्या फलकांचं काम माझ्याकडे येतं आणि मागणी ठरलेली असते: "जुन्या जाहिरातींसारखं ठसठशीत अक्षर हवं." मलाही ते अक्षर मनापासून आवडतं. पण त्याचा जीव काळ्या रेघेत नसतो, रेघांनी वेढलेल्या पांढऱ्या जागेत असतो. ती बुजली की वाचणारा अडखळतो.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती बोल्डचं बटण दाबल्याने. रोझा वन हा फॉन्ट एकाच वजनात, म्हणजे एकाच जाडीत मिळतो आणि तो मुळातच भरपूर जाड आहे. त्यावर पुन्हा बोल्ड केलं की कडा नुसत्याच फुगतात. अक्षराभोवती दिलेल्या किनारीचंही तेच. 'म्हार्दोळ' हा शब्द घ्या. त्यातल्या 'र्दो'वर ओकाराची मात्रा आणि रफार एकाच जागी दाटीने बसतात. मागच्या जत्रेच्या फलकावर मी त्याला जाड पिवळी किनार दिली, तर तिथे एक गोळाच झाला. किनारीची अर्धी जाडी अक्षराच्या आत सरकते, म्हणून असं होतं. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बिहाइंड फिल'वर खूण केली की किनार अक्षराच्या मागे जाते आणि रफार सुटा दिसतो.

दुसरी चूक गोव्यात हमखास होते, कारण इथल्या फलकावर रोमन आणि देवनागरी शेजारीशेजारी असतात. कूपर ब्लॅक हे शिकागोच्या ओझवल्ड कूपरचं १९२२ सालचं गोलसर टोकांचं अक्षर, त्यात देवनागरी नाही. मराठी मजकुराला तो लावला की संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट घालतो आणि मराठी ओळ इंग्रजीपुढे किरकोळ दिसते. रोझा वनमध्ये दोन्ही लिप्या एकाच वजनाच्या आहेत, मी तोच घेतो. मात्र त्याच्या बारीक रेघा फारच बारीक आहेत. गडद रंगावर पांढरी अक्षरं लहान आकारात काढली तर छपाईत त्या बुजतात.

रोमन अक्षरं घट्ट बसवली की छान जुनी वाटतात. देवनागरीत तो हात आवरा. अंतर वाढवलं तर शिरोरेघ तुटते, कमी केलं तर काना पुढच्या अक्षरात घुसतो. शून्यच ठेवा. ओळींमध्ये मात्र जागा सोडा, अक्षराच्या आकाराच्या सव्वा ते दीड पट. नाहीतर वरच्या 'गुरुवारी'तल्या 'गु'चा उकार खालच्या 'रात्रौ'च्या मात्रांवर आदळतो.

कलाकारांची नावं, वेळ, फोन नंबर या अक्षरात नकोतच. तिथे मुक्तासारखा साधा फॉन्ट पुरे.

छापखान्यात फाइल देण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांमध्ये बदला आणि मूळ प्रत वेगळी ठेवा. मग ए-फोर कागदावर प्रिंट काढून भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते थांबतील, तिथली पांढरी जागा कमी पडली आहे.